डाव्या तोंडाची गोगलगाय: ओढ्यात सापडलेल्या एका अनोळखी शंखाची ओळख

ठरावीक जागांवर एका ओढ्याची पाहणी करणाऱ्या हौशी अभ्यासकांच्या गटाकडून दोन फोटो आले. दोन्हींत एकच गोगलगाय होती. जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचा, पिवळसर तपकिरी, पातळ आणि चकचकीत शंख. पण एका फोटोत शंखाचं तोंड उजवीकडे होतं आणि दुसऱ्यात डावीकडे. फोटोवरून नाव सुचवणाऱ्या अ‍ॅपने पहिल्याला लिम्निया म्हटलं होतं, तर दुसऱ्याला फायसा, आणि त्याखाली आणखी एक शक्यता म्हणून बुलिनस.

हे शेवटचं नाव वाचून गट धास्तावला. धास्ती वाजवी होती. शिस्टोसोमियासिस या रोगाचा परजीवी बुलिनसच्या शरीरात वाढतो, आणि गटातली मंडळी दर पाहणीला गुडघाभर पाण्यात उतरतात. तेव्हा प्रश्न फक्त नाव काय एवढाच नव्हता. पाण्यात उतरायचं की नाही, हा निर्णय त्या नावावर अवलंबून होता.

सापडलेल्या सगळ्या गोगलगायी गटाने त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये टाकल्या होत्या. हे सर्रास होतं. नमुना खराब होऊ नये म्हणून आपण तो लगेच बाटलीबंद करतो आणि मग महिनोन्‌महिने शंखाच्या आकारावर डोकेफोड करत बसतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. गोड्या पाण्यातली गोगलगाय ओळखायची असेल तर ती आधी जिवंत बघायची. म्हणून मी गटाला सांगितलं, हातमोजे घाला, पुन्हा जा, थोड्या जिवंत आणा आणि सोबत त्याच ओढ्याचं पाणी आणा. त्या येईपर्यंत फोटो आणि बाटलीतले नमुने होतेच.

फोटोंचा उलगडा

शंख उजवा की डावा हे पाहायची रीत सोपी आहे. शेंडा वर धरायचा, तोंड आपल्याकडे वळवायचं. तोंड आपल्या उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात, त्यामुळे डावा शंख हा ओळखीतला फार मोठा धागा असतो.

पहिल्या फोटोच्या कडेला मोजपट्टीचं टोक आलं होतं आणि त्यावरचे आकडे उलटे दिसत होते. तो फोटो मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. हा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये चित्र आरशातल्यासारखं उलटवून साठवतो. म्हणजे खरा फोटो दुसरा आणि शंख डावा. फुलपाखराचा फोटो उलटा झाला तर ओळखीत काही बिघडत नाही. गोगलगायीचा उलटा झाला तर थेट कुळ बदलतं, आणि अ‍ॅपने नेमकं तेच केलं होतं.

ही अडचण कॅमेऱ्यापेक्षा खूप जुनी आहे. रेम्ब्रांटने १६५० मध्ये कोनस शंखाचं एक एचिंग केलं. पत्र्यावर त्याने शंख समोर दिसला तसा कोरला, त्यामुळे कागदावर छापताना तो उलटा उमटला. मूळचा उजवा शंख चित्रात डावा झाला. सही मात्र सरळ वाचता यावी म्हणून त्याने ती पत्र्यावर उलटी कोरली होती. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या चित्रकाराच्या हातून हे झालं, तर फोनकडून होणारच. गोगलगायीच्या फोटोत आकडे असलेली पट्टी किंवा काहीतरी छापील मजकूर असायलाच हवा. मापासाठी तर तो लागतोच, दिशेची खात्री करण्यासाठी जास्त लागतो.

आणखी एक शंका मिटवायची होती. उजव्या जातीत क्वचित एखादं डावं पिल्लू जन्माला येतं. लिम्नियाच्या कुळातल्या गोगलगायींवर १९२३ मध्ये बॉयकॉट आणि डायव्हर यांनी केलेलं काम याच विषयावरचं आहे. त्यातून कळलं की पिल्लाच्या शंखाची दिशा त्याच्या स्वतःच्या जनुकांनी ठरत नाही, आईच्या जनुकांनी ठरते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी लिम्निया स्टॅग्नालिसमधलं एक जनुक निकामी केलं, आणि उजव्या जातीत डावी पिल्लं जन्मली. म्हणजे हाती एकच डावा शंख असेल तर तो अपवाद असू शकतो. बाटलीतले नमुने एकेक करून भिंगाखाली घेतले. लहानमोठे सगळे डावे निघाले. लिम्निया बाद झाली.

झाकण नाही

पुढचा प्रश्न झाकणाचा. गोड्या पाण्यातल्या अनेक गोगलगायींच्या पायाच्या मागच्या भागावर एक कडक तबकडी असते. गोगलगाय आत शिरली की ती तबकडी तोंडावर दारासारखी बसते. अ‍ॅपल स्नेल, विव्हिपॅरस, थिआरा, बिथिनिया यांना झाकण असतं. या कुळांचे पूर्वज समुद्रातून आले आणि त्यांच्यातल्या बहुतेक आजही कल्ल्याने श्वास घेतात. ज्यांना झाकण नसतं त्या जवळपास सगळ्या फुप्फुसाच्या गोगलगायी. त्यांना हवेसाठी अधूनमधून पृष्ठभागावर यावं लागतं.

अल्कोहोलमधल्या नमुन्यांत अंग खोलवर आखडलेलं होतं, पण तोंडाशी झाकण कुठेच नव्हतं. इथे सावध राहायला हवं, कारण रिकाम्या शंखाचं झाकण कधीच गळून गेलेलं असतं. 'झाकण नाही' हे वाक्य फक्त आत जनावर असतानाच खरं. आपल्या नमुन्यांत ते होतं, म्हणून निष्कर्ष टिकला. हे झाकण तपासणं उगाच नाही. आफ्रिकेत लॅनिस्टेस नावाच्या अ‍ॅपल स्नेलच्या नात्यातल्या गोगलगायी आहेत, त्यांचा शंखही डावा दिसतो, पण त्यांना झाकण असतं. नुसत्या दिशेवर विसंबलं तर त्या चुकीच्या कुळात जाऊन बसतात.

डावा शंख, झाकण नाही, उंच शेंडा. आता मैदानात मुख्यतः दोन गट उरले. एक फायसा आणि तिचं कुळ, फायसिडी. दुसरं प्लॅनॉर्बिडी कुळातल्या उंच शेंड्याच्या गोगलगायी. या कुळातल्या बऱ्याच जणी चपट्या चकतीसारख्या असतात, पण बुलिनस आणि ऑस्ट्रेलियातली ग्लिप्टोफायसा यांचा शंख उंच असतो. ग्लिप्टोफायसाच्या जातींना तर एकेकाळी फायसाच समजलं जात होतं. शंख इतके सारखे, की मुरलेल्या अभ्यासकांनीही त्यांना एकत्र ठेवलं.

इथे शंखाचं सांगणं जवळजवळ संपतं. मोजायला खूप काही आहे: उंची, रुंदी, तोंडाची उंची, वेढे, वेढ्यांमधली शिवण किती खोल. ते सगळं मोजून नोंदवलं, पण त्यावर निर्णय ठेवला नाही. फायसाच्या बाबतीत शंखाचा आकार शेजाऱ्यांप्रमाणे बदलतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. पाण्यात शंख फोडून खाणारे मासे असतील तर पिल्लं वाढताना जास्त गोलसर आणि दणकट होतात. तोंडातून आत चिमटा घालणारे, झिंग्यासारखे क्रेफिश असतील तर शंख लांबट आणि तोंड अरुंद होतं. नुसता शिकाऱ्याचा वास पाण्यात असला तरी हे घडतं. म्हणजे एकाच जातीच्या दोन ओढ्यांतल्या गोगलगायी दोन जातींसारख्या दिसू शकतात. गेल्या दोन शतकांत फायसाला नावांचा जो ढीग मिळाला, त्यातला मोठा भाग याच कारणाने.

बरणीत

जिवंत गोगलगायी आल्या त्या ओढ्याच्या पाण्यातच, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात. त्यांतल्या काही सपाट बाजूंच्या काचेच्या बरणीत ठेवल्या, मागे पांढरा कागद लावला आणि दहापट भिंग घेऊन बसलो. फोनवर व्हिडिओ चालू ठेवला, या वेळी मागच्या कॅमेऱ्याने.

सुरुवातीला त्या आखडून पडल्या होत्या. मग एकीने पाय बाहेर काढला आणि काचेवर चढायला लागली, आणि पहिली गोष्ट नजरेत भरली ती तिचा वेग. गोगलगायीच्या मानाने ती भराभर चालत होती. पायाचा मागचा भाग निमुळता होत टोकदार झालेला. डोक्यावरच्या दोन स्पर्शिका लांब, बारीक, दोऱ्यासारख्या, आणि त्यांच्या बुडाशी काळ्या ठिपक्यांसारखे डोळे. लिम्नियाच्या स्पर्शिका रुंद, चपट्या, त्रिकोणी असतात, तेव्हा अ‍ॅपच्या पहिल्या उत्तराचा इथे दुसऱ्यांदा निकाल लागला. पण बुलिनसच्या स्पर्शिकाही बारीकच असतात. हा धागा लिम्नियापासून वेगळं करतो, बुलिनसपासून नाही.

थोड्या वेळाने काचेवरची गोगलगाय पूर्ण सैलावली आणि शंखाच्या तोंडाच्या कडेवर हालचाल दिसली. शंखाच्या आत अंगाभोवती जे कातडं असतं, त्याला प्रावार म्हणतात. त्या प्रावाराची कड बाहेर आली आणि तिच्यातून लहान, फिकट, बोटांसारख्या फाकी निघून शंखाच्या बाहेरच्या पृष्ठावर टेकल्या. दोन ठिकाणी अशा फाकींचे झुपके होते, एक तोंडाच्या या अंगाला, एक त्या अंगाला. गोगलगाय पुढे सरकली की त्या किंचित हलायच्या, स्पर्श झाला की झटक्यात आत जायच्या.

याच क्षणी प्रकरण बहुतांशी निकालात निघालं असं मी मानतो. ही प्रावाराची बोटं फायसाच्या कुळात आढळतात. बुलिनसला ती नसतात. आणि बाटलीतल्या एकाही नमुन्यात ती दिसली नव्हती, दिसणं शक्यही नव्हतं, कारण अल्कोहोल लागताच प्रावार सर्वात आधी आत ओढला जातो.

त्या बोटांची ठेवणही काही सांगते. युरोपातल्या फायसा फॉन्टिनालिसमध्ये प्रावाराच्या पाळ्या रुंद असतात आणि शंखाचा बराच भाग झाकतात. फायसेला अ‍ॅक्युटामध्ये (हिलाच फायसा अ‍ॅक्युटाही म्हणतात) बोटं आखूड असतात, शंखाचा मोठा भाग उघडाच राहतो. फायसिडी कुळातल्याच अ‍ॅप्लेक्सा हिप्नोरमला ही बोटं नसतात, तिचा शंख जास्त लांबोळका आणि चकाकणारा असतो. आपल्या बरणीतली गोगलगाय मधल्या वर्णनाशी जुळत होती.

मग वागणं. मऊ कुंचल्याने एकीच्या प्रावाराला हलकेच स्पर्श केला, तर तिने पाय घट्ट रोवला आणि शंख जोरजोरात उजवीकडे-डावीकडे झटकला. ही हालचाल फायसांची ओळखीची आहे. जळू अंगाला चिकटू पाहते तेव्हा तिला झटकून टाकायला त्या हेच करतात. स्पर्श थांबला की गोगलगाय पुन्हा निवांत चालू लागली. दुसरी एक तळातून सुटून वर जाताना दिसली, तिला काचेचा आधार नव्हता. कागद काळा करून बाजूने उजेड पाडला तेव्हा तिच्यामागे श्लेष्माचा जवळजवळ अदृश्य धागा चमकला. फायसा तळापासून पृष्ठभागापर्यंत असा धागा बांधतात आणि त्यावरून हवा घ्यायला वरखाली करतात. एकीने बांधलेला धागा दुसरीही वापरते. आमच्याही बरणीत काही वेळाने दुसरी गोगलगाय त्याच वाटेने वर गेली. हे इतकं सुंदर आहे की ओळखीसाठी त्याची गरज नसती तरी मी ते इथे लिहिलंच असतं.

पुढे बरणीच्या काचेवर अंड्यांचे पुंजके चिकटलेले मिळाले: पारदर्शक, लांबट, किंचित वाकलेली जेली आणि आत सुटी सुटी अंडी. या गोगलगायी उभयलिंगी असतात. जोडीदार मिळाला तर त्या परफलन पसंत करतात, नाही मिळाला तर काही काळ थांबून स्वफलनावर येतात. एकटी गोगलगाय नव्या पाण्यात पोचली तरी वस्ती उभी राहू शकते, ती यामुळेच.

बुलिनस नाही, हे पक्कं करणं

बोटं दिसली तरी आरोग्याचा प्रश्न असल्याने एकाच पुराव्यावर थांबणं मला पटत नव्हतं. दुसरा पुरावा रक्ताचा. प्लॅनॉर्बिडी कुळात, म्हणजे बुलिनसमध्येही, रक्तात हिमोग्लोबिन असतं. त्यामुळे उजेडासमोर धरलं तर अंग लालसर दिसतं आणि जखम झाली तर लाल द्रव येतो. फायसांच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, ते जवळजवळ रंगहीन. बरणीमागे दिवा धरून पाहिलं. पातळ शंखातून सोनेरी ठिपक्यांचा काळपट प्रावार दिसत होता, लाल छटा कुठेच नव्हती. तपासणीसाठी मारलेल्या एका गोगलगायीतूनही लाल द्रव निघाला नाही.

तिसरा पुरावा दातांचा. गोगलगायीच्या तोंडात रेड्युला नावाची दातांची पट्टी असते. मऊ भाग अल्कलीत विरघळवून ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर फायसांचे दात कंगव्यासारखे दिसतात आणि त्यांच्या रांगा व्ही आकारात तिरक्या लागलेल्या असतात. बुलिनसच्या बाजूच्या दातांना मोजकी, ठळक टोकं असतात. इथे कंगवेच होते, तिरक्या रांगांत.

इतकी खातरजमा का, याचं उत्तर कॉर्सिकात आहे. बुलिनस मुख्यतः आफ्रिका, मध्यपूर्व आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात राहते. कॉर्सिका बेटावरच्या कावू नदीत बुलिनस ट्रंकेटस होती. तिथे २०११ ते २०१३ दरम्यान पोहलेल्या लोकांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस झाल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. गोगलगाय तिथे आधीपासून होती, परजीवी नंतर आला. रोगी माणसाच्या लघवीतून परजीवीची अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, काही आठवड्यांनी दुसऱ्या रूपातल्या असंख्य अळ्या बाहेर पडतात आणि माणसाच्या कातडीतून आत जातात. यात योग्य गोगलगाय नसेल तर साखळी तुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगावरच्या प्रतिबंधक औषधांची गरज होती. अशा रोगाच्या वाहकाचं नाव अंदाजाने मान्यही करू नये आणि अंदाजाने फेटाळूही नये.

गटाला कळवलं ते असं: ही बुलिनस नाही, फायसिडी कुळातली आहे, आणि माणसात राहणाऱ्या शिस्टोसोमाला ती थारा देत नाही. त्याच चिठ्ठीत हेही लिहिलं की पाणी त्यामुळे निर्धोक ठरत नाही. फायसाच्या कुळातही पक्ष्यांचे काही परजीवी वाढतात आणि त्यांच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरू पाहिल्या की खाजरे पुरळ उठतात. हातमोजे, उंच बूट आणि बाहेर आल्यावर अंग लगेच कोरडं करणं, हे चालूच ठेवायचं.

जातीपर्यंत

कुळ पक्कं झालं होतं, जात नव्हती. गटाला वाटत होतं की अ‍ॅक्युटा लिहून मोकळं व्हावं. जगभर पसरलेली तीच, मग शक्यताही तिचीच जास्त. पण ही सर्वात पसरलेली आहे एवढ्यावर नाव देणं म्हणजे ओळखणं नव्हे. उत्तर अमेरिकेतली फायसेला जायरिना दिसायला तिच्या फार जवळची आहे आणि तीही इतर खंडांत पोचली आहे.

दोघींमधला भरवशाचा फरक आत असतो, शिश्नाभोवतीच्या आवरणात. अ‍ॅक्युटात ते आवरण एकसंध असतं. जायरिनात त्याचे दोन भाग पडतात आणि त्यांतला एक ग्रंथीमय असतो. हे पाहायचं तर गोगलगाय सैलावलेल्या स्थितीत मरायला हवी. त्यासाठी पाण्यात मेंथॉलचे स्फटिक टाकून ती स्पर्शालाही हलत नाही तोवर थांबायचं आणि मगच अल्कोहोलमध्ये घालायची. फॉर्मालिन टाळायचं, त्याने डीएनए खराब होतो. असे तयार केलेले नमुने मृदुकाय प्राण्यांच्या एका अभ्यासकाकडे दिले. विच्छेदनात आवरण एकसंध मिळालं.

पायाचा एक तुकडा डीएनए बारकोडिंगसाठीही गेला. यात सीओआय या मायटोकाँड्रियल जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून साठ्यातल्या नोंदींशी जुळवतात. जुळणी अ‍ॅक्युटाशीच झाली. तरी मी अहवालात विच्छेदन आधी आणि बारकोड नंतर लिहायला सांगितलं. साठ्यातल्या नोंदींवरची नावं कुणीतरी शंख बघूनच दिलेली असतात, आणि तिथे चूक असेल तर ती आपल्यापर्यंत चालत येते. दुसरं कारण या जातीपुरतंच आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की फायसा अ‍ॅक्युटाच्या काही गोगलगायींत मायटोकाँड्रियाचा डीएनए इतका वेगळा असतो की तो पाहून दुसरीच जात वाटावी. अशा गोगलगायींचं नर म्हणून काम बंद पडतं, त्या फक्त मादी म्हणून प्रजनन करतात. ही गोष्ट वनस्पतींत माहीत होती, प्राण्यांत पहिल्यांदाच सापडली. आपल्या नमुन्यात तसं काही नव्हतं. पण बारकोड जुळला नसता, तर नवी जात सापडली म्हणून घाई करण्याआधी हे आठवावं लागलं असतं.

नावाबद्दल गटात थोडा गोंधळ झाला, कारण कुठे फायसा अ‍ॅक्युटा लिहिलेलं असतं, कुठे फायसेला अ‍ॅक्युटा. दोन्ही एकच. फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या गोगलगायींवरून द्रापार्नो यांनी हिचं वर्णन केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १८०५ मध्ये छापलं गेलं. त्यामुळे ती युरोपातली मानली गेली. तिकडे अमेरिकेत थॉमस से यांनी १८१७ मध्ये हेटेरोस्ट्रोफा या जातिनावाने तिथल्या गोगलगायीचं वर्णन केलं. २००२ मध्ये डिलन आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या गोगलगायींचा प्रयोगशाळेत संकर करून पाहिला. त्यांच्यात प्रजननाचा कुठलाच अडसर मिळाला नाही. दोन्ही एकच जात ठरल्या, जुनं नाव टिकलं आणि मूळ घर मात्र उत्तर अमेरिका मानलं गेलं. आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ती आहे. मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींच्या पानांना चिकटलेली तिची अंडी हा तिच्या प्रवासाचा एक मोठा मार्ग. मत्स्यालय ठेवणारे तिला ब्लॅडर स्नेल म्हणून ओळखतात.

ओढ्याच्या नोंदीत काय गेलं

गटाची पाहणी बीएमडब्ल्यूपी पद्धतीने चालते. त्यात पाण्यातल्या अपृष्ठवंशी कुळांना प्रदूषण सोसण्याच्या ताकदीवरून गुण देतात, नाजूक कुळाला जास्त, चिवट कुळाला कमी. फायसिडीला ३ गुण आहेत. लिम्निइडी आणि प्लॅनॉर्बिडीलाही तेवढेच. म्हणजे ही तिघींपैकी कोणीही निघाली असती तरी या कुळाचे गुण तेच राहिले असते. गुणांपुरतं बघितलं तर एवढा खटाटोप अनावश्यक होता, आरोग्यासाठी तो टाळता येण्यासारखा नव्हता. कुठल्या पातळीपर्यंत ओळखायचं हे आधी प्रश्नावरून ठरवलं तर वेळ वाचतो.

फायसेला सापडली म्हणून ओढा घाण झाला, असं मी लिहू दिलं नाही. ती स्वच्छ पाण्यातही राहते. हवेतून श्वास घेत असल्याने कमी प्राणवायूच्या पाण्यात ती टिकते, इतर मरतात तेव्हा उरते. म्हणून बघायचं ते तिच्यासोबत कोण आहे. या ओढ्यात ती जिथे सांडपाण्याची नाली मिळते त्याच्या खालच्या टप्प्यात दाट होती, शेवाळलेल्या दगडांवर आणि कुजणाऱ्या पानांखाली, आणि तिथे मेफ्लाय या प्रदूषण न सोसणाऱ्या कीटकाच्या अळ्या जवळजवळ नव्हत्या. वरच्या टप्प्यात मेफ्लाय होत्या, फायसेला नव्हती. ओढ्याबद्दल बोलणारी माहिती ही आहे, गोगलगायीचं नुसतं नाव नव्हे.

वरच्या टप्प्यात ती गटाच्याच बुटांवरून पोचू नये म्हणून पाहणीचा क्रम बदलला. आधी वरचा टप्पा, मग खालचा. जाळी आणि बूट पुढच्या पाहणीआधी पूर्ण वाळवायचे, कारण ओल असेल तर लहान गोगलगायी त्यात बराच वेळ तग धरतात. बरणीतल्या उरलेल्या गोगलगायी आणि त्यांची अंडी पुन्हा कुठल्याच पाण्यात सोडली नाहीत. जपलेल्या नमुन्यांवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ओळख कशावरून केली, हे पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या आत घातल्या. बाटलीबाहेरचं लेबल अल्कोहोलने पुसलं जातं.

एक काम अजून उरलं आहे. गटाकडे मागच्या पाहण्यांच्या बाटल्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर 'लिम्निया, लहान' असं लिहिलं आहे. त्या नमुन्यांत प्रावार दिसणार नाही, रक्ताचा रंगही कळणार नाही. पण लिम्निया आणि फायसा यांना वेगळं करायला तोंडाची दिशा पुरेशी आहे, आणि ती अल्कोहोलमध्येही बदलत नाही. त्या बाटल्या उघडल्या की फायसेला या ओढ्यात नवी आहे की आधीपासून होती, ते कळेल.